नांदगावचा गणेश आणि परत न विचारणारा वाचक

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात टिळक पंचांग पाळणारी काही घरं आहेत. एखाद्या वर्षी त्यांचे गणपती महिनाभर आधी येतात. शेजारच्या घरात तेव्हा मखराचा विचारही सुरू झालेला नसतो. गणित दोघांचंही बरोबर असतं. फरक असतो तो राशिचक्राचं शून्य कुठे धरायचं यात. टिळक पंचांग ते रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरतं, बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्यावरून ठरवतात. दोन शून्यांत साधारण चार अंशांचं अंतर आहे. त्यामुळे संक्रांती चारेक दिवस पुढेमागे होतात आणि कधीकधी अधिक महिनाच वेगळा पडतो.

आकडेमोड अचूक, पण सुरुवात कुठून केली हे ठाऊक नसेल तर उत्तर वेगळं. सध्या एआय एजंटसाठी टूल लिहिताना हाच प्रश्न रोज समोर येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर झाला. त्यात प्रत्येक टूलसोबत त्याचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा साचा दिलेला असतो. एजंट तेवढंच वाचतो आणि टूल वापरतो. ‘तारीख द्या’ एवढंच लिहिलं असेल तर 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? शेजारी बसलेला सहकारी विचारून घेईल. एजंट बऱ्याचदा अंदाज करतो आणि पुढे जातो.

परत विचारू न शकणाऱ्या वाचकासाठी कसं लिहावं, याचा एक उत्तम नमुना कोकणातच तयार झालेला आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञ राहत होते. त्यांनी शके 1442 म्हणजे इसवी सन 1520 हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांचा वाचक होता गावोगावचा जोशी. त्याला पंचांग करायचं होतं, पण शंका आली म्हणून तो नांदगावला थोडाच जाणार!

जुन्या ग्रंथांच्या रीतीने कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे, तर 1520 सालीच तो आकडा सोळा लाखांच्या पुढे गेलेला होता. एवढ्या मोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार हाताने करायचे म्हणजे चुकांना आमंत्रणच. गणेशांनी 11 वर्षांचं, 4016 दिवसांचं एक चक्र केलं. चालू शकातून 1442 वजा करा आणि 11 ने भागा. शके 1947 घेतलं तर 505 उरतात, म्हणजे 45 चक्रं पूर्ण आणि बाकी 10 वर्षं. प्रत्येक ग्रहाची आरंभीची जागा, म्हणजे क्षेपक, आणि दर चक्राला करायचा फरक, म्हणजे ध्रुवक, हे दोन्ही दिलेले. त्यांनी ज्या-चापही गणितातून काढून टाकले, त्यामुळे त्रिकोणमितीची कोष्टकं जवळ नसली तरी काम होतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. कुठला ग्रह कुठल्या पक्षातून घेतला आणि त्यात किती दुरुस्ती केली, हे गणेश ग्रंथातच सांगतात: चंद्र सूर्यसिद्धान्तातून घेऊन 9 कला कमी, शनी आर्यपक्षातून घेऊन 5 अंश जास्त. आकाशाशी मेळ बसावा म्हणून केलेले हे बदल त्यांनी लपवले नाहीत.

तरीही एक अडचण राहिलीच. ग्रंथ श्लोकात आहे आणि संख्या शब्दांत. इंद्र म्हणजे 14, ईश म्हणजे 11, अब्धी म्हणजे 4. हा संकेत माहीत नसणाऱ्याला पहिलीच पायरी चढता येत नाही. ती उणीव टीकाकारांनी भरली. गोदाकाठच्या गोलग्रामचे दिवाकर हे गणेशांचे शिष्य. त्यांच्या मुलांपैकी मल्लारींनी प्रत्येक रीत का चालते याची उपपत्ती लिहिली, तर विश्वनाथांनी खरे आकडे घालून उदाहरणं सोडवून दाखवली. नियम, कारण आणि उदाहरण. आजही चांगल्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे तिन्ही शोधावे लागतात, आणि नेमकं उदाहरणच बहुतेक वेळा गायब असतं.

मग बिघडलं कुठे? ग्रंथ इतका सोपा होता की पिढ्यान् पिढ्या तो तसाच चालत राहिला. छोटे फरक साचत गेले आणि एकोणिसाव्या शतकात गणित व आकाश यांतली तफावत लपेना. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ युरोपीय गणिताच्या आधारे मराठीत आणला. पाठोपाठ पटवर्धनी पंचांग निघालं आणि शून्य कुठे धरायचं याचा वाद पेटला. घराघरातले गणपती आजही त्या वादाचे वारसदार आहेत.

हा सगळा इतिहास आपल्याला कळतो तो बराचसा शंकर बाळकृष्ण दीक्षितांमुळे. गुहागरहून धोपाव्याला जाऊन फेरीबोटीने दाभोळला उतरलं की पुढे दापोली तालुक्यातलं मुरूड लागतं. 1853 साली ते तिथे जन्मले. (हे मुरूड वेगळं, जंजिऱ्याचं वेगळं. नुसतं ‘मुरूड’ लिहिलं तर एजंट कुठेही नेऊन सोडेल.) 1896 मध्ये छापलेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी एकेका ज्योतिषाचा काळ, त्याने धरलेली मानं आणि आरंभवर्ष नोंदवून ठेवलं. कुठला आकडा कुठून आला, हे त्यामुळे आपल्याला मागे जाऊन तपासता येतं.

गणेशांनी आरंभवर्ष दिलं होतं, केलेल्या दुरुस्त्याही सांगितल्या होत्या. म्हणजे पुढच्यांनी पुन्हा आकाश पाहून त्या कराव्यात, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. पण जोशी आकाशाऐवजी पोथीकडे पाहत राहिले. एजंटलाही टूल प्रत्यक्षात कसं वागतंय हे आधी माहीत नसतं. त्याच्यापुढे आपण लिहिलेलं वर्णनच असतं. म्हणून ते कोणत्या आवृत्तीचं आणि कोणत्या तारखेचं आहे हे त्यात लिहायला हवं. टूल बदललं की त्याच दिवशी वर्णनही बदलायला हवं. ते काम आपलं आहे, एजंटचं नाही.