एका दिवसाचे अडीचशे डाव

पणजीला मांडवीच्या पात्रात कसिनोची जहाजं उभी असतात. ती कुठेही जात नाहीत. काठावरून एक लहान बोट माणसं घेऊन जाते आणि रात्री, पहाटे, केव्हाही परत आणून सोडते. पहिल्यांदा बघणाऱ्याला साधा प्रश्न पडतो: कुठे जायचंच नाही, तर जहाज हवं कशाला?

उत्तर कायद्यात आहे. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा १९७६चा. मूळ कायदा बंदीचाच होता. १९९२मध्ये त्यात १३-अ हे कलम घातलं गेलं आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. १९९६मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि टेबलावरचे खेळ जहाजावर चालतील असं ठरलं. म्हणजे जमिनीवर नाणं खाणारं यंत्र चालेल, पण पत्ते वाटायचे तर पायाखाली पाणी पाहिजे. गंमत अशी की त्याच १९७६ साली महाराष्ट्रानंही कसिनोचा कायदा केला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३मध्ये सरकारनं तो मोडीत काढायचं ठरवलं. त्यामुळे राजापूरच्या माणसाला पोकरच्या स्पर्धेत बसायचं तर पत्रादेवीचा नाका ओलांडावा लागतो.

पोकर वाढला तोसुद्धा नदीवरच. न्यू ऑर्लिन्सकडे फ्रेंच लोक ‘पोक’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळायचे, तिथून तो मिसिसिपीच्या आगबोटींवर चढला. जो कॉवेल या इंग्रज नटानं १८२९ साली अशाच एका बोटीवर पाहिलेला डाव आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ते पुस्तक १८४४चं. त्या वेळी पोकर वीस पत्त्यांचा होता. दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पानं, चार खेळाडू, प्रत्येकाला पाच. गठ्ठा संपला. बाहेर एकही पत्ता उरत नाही.

हे वाचताना मला सावंतवाडी आठवली. राजापूरहून गोव्याला जाताना हायवे आता गावाला वळसा घालून झारापवरून निघून जातो, पण वाकडी वाट करून राजवाड्यात गेलात तर तिथे गोल गंजिफा रंगवणारे कारागीर दिसतील. गंजिफा आपल्याकडे मोगलांबरोबर आल्या असं धरलं जातं. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्यानं स्वतःच केली आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, मिळून १२० पानं. तिघे खेळाडू, प्रत्येकी चाळीस. इथेही गठ्ठा पूर्ण वाटला जातो. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामानं सुरू होतो, रात्री कृष्णानं. कोणतं पान पडून गेलं आणि आता त्या रंगात हुकूम कोणता, हे ज्याच्या डोक्यात राहतं तो जिंकतो. छापील विलायती पत्त्यांनी हा खेळ मारला. सावंतवाडीच्या राजघराण्यानं, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, १९७०च्या सुमारास निदान कला तरी वाचवली. पानं आज भेटवस्तू म्हणून विकत घेतली जातात, खेळायला फार कुणी बसत नाही.

गंजिफेतलं हे ‘लक्षात ठेवणं’ पुढे सुप्रीम कोर्टात फार कामाला आलं, अर्थात वेगळ्याच खेळासाठी. इंग्रजांनी १८६७मध्ये सार्वजनिक जुगाराचा कायदा केला, मुंबई इलाख्यासाठी १८८७मध्ये वेगळा. मुंबईच्या कायद्याचं १३वं कलम एका ओळीचं आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पुढचं सव्वाशे वर्षांचं भांडण या एका ओळीचं. (याच कायद्यात १८९०मध्ये दुरुस्ती करून पावसावरचा सट्टाही आणावा लागला. मुंबईत लोक पाऊस किती पडेल यावर पैसे लावत होते. कोकणात कुणी लावले असते तर दुसरी बाजू घ्यायला माणूस मिळाला नसता.) १९६३मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवर रमीसाठी धाड पडली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर १९६७मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. आणि तीन पत्त्यांचे खेळ? फ्लश, ब्रॅग वगैरे? ते निव्वळ नशिबाचे.

म्हणजे आमच्या गणपतीतली तीनपत्ती बाद झाली. राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत गौरी-गणपतीच्या रात्री जा, भजन आटोपलं की पडवीत चटई पडते. मुंबईचे चाकरमानी, सुट्टे पैसे, चहा, मध्येच कुणीतरी आरतीची आठवण काढतो. आमच्याही पडवीत हे चालायचं, पण माझ्या आजोबांचे एक चुलते याच तीनपत्तीत काजूची बाग घालवून बसले आणि तेव्हापासून आमच्या घरात चटई पडली तरी तिच्यावर फक्त झब्बू आणि मेंढीकोट. बाग आजही रस्त्यावरून दिसते. बाबा एसटीतून जाताना तिकडे बघत नाहीत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टी काढून पोकर खेळायला जातो, हे त्यांना कळल्यावर ते एकच शब्द बोलले: जुगार. त्यांना उलट उत्तर द्यायचं नव्हतं. पण शब्द बरोबर आहे का, हे मला तपासायचं होतं.

बोटीवर चढण्याआधी आधार कार्ड बघतात. फेब्रुवारी २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना कसिनोत खेळायला बंदी आहे. माझ्या आधारवर राजापूरचा पत्ता, त्यामुळे हातात पत्ते मिळाले. टेबलावर मला पाणी आणून देणारा मुलगा डिचोलीचा होता. त्याला तिथे नोकरी करता येते, खेळता येत नाही. ज्या सरकारला कसिनोचा महसूल हवा आहे, त्याच सरकारनं आपल्या माणसांना त्यापासून लांब ठेवलं आहे, यातच सगळं आलं.

स्पर्धा दुपारी सुरू झाली. टेबलावर नऊ जण. प्रवेश फी भरली की सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, मध्येच उठून त्या वटवता येत नाहीत. फीचे दोन भाग असतात, मोठा भाग बक्षिसांच्या रकमेत जातो आणि छोटा आयोजकाला. आपल्याकडच्या अड्ड्यांवर या दुसऱ्या भागाला ‘नाल’ म्हणतात. बोटीवर त्याची पावती मिळते, एवढाच फरक. खेळ होल्डेम: दोन पत्ते तुमच्या हातात, पाच हळूहळू मध्ये उघडे पडतात, सातांतून सगळ्यात भारी पाच मोजायचे. दर डावाला दोघांना सक्तीनं चिप्स लावाव्या लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात, आणि ठरावीक वेळानं ती रक्कम वाढत जाते. सुरुवातीला डोंगराएवढ्या वाटणाऱ्या चिप्स संध्याकाळपर्यंत तेवढ्याच राहिल्या तरी ढिगाऱ्याएवढ्या होतात. नुसतं बसून राहणारा बुडतो.

ही रचना आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. १९७०मध्ये लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कसिनोत नावाजलेले खेळाडू जमले, काही दिवस खेळले आणि सगळ्यांत श्रेष्ठ कोण हे त्यांनी मतदानानं ठरवलं. जॉनी मॉस निवडून आला. पोकरचा पहिला विश्वविजेता निवडणुकीनं ठरला, हे मला अजूनही फार आवडतं. पुढच्या वर्षी मतदान बंद झालं आणि एकाकडे सगळ्या चिप्स जाईपर्यंत खेळायचं ठरलं. २००३मध्ये टेनेसीतला ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच तेच) नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तिथे पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर जगभरच्या पोरांना वाटायला लागलं की हे आपल्यालाही जमेल. आमच्या पिढीनं हा खेळ फोनवरच शिकला.

प्रत्यक्ष टेबल फार संथ असतं. फोनवर तासाला साठ-सत्तर डाव होतात, इथे हातानं पत्ते पिसायचे, वाटायचे, चिप्स मोजायच्या, त्यामुळे तासाला पंचवीस-तीस. त्यातले बहुतेक आपण न खेळताच टाकतो. पहिल्या दोन तासांत मी जे केलं त्याला पाहणं म्हणतात. समोरचे सुरतचे काका भारी पत्ते आले की खुर्चीत मागे टेकायचे. डावीकडचा मुलगा चिप्स लावताना श्वास घ्यायचा विसरायचा. ही माहिती फोनवर मिळत नाही. इथे पडलेले पत्ते लक्षात ठेवायचे नसतात, माणसं लक्षात ठेवायची असतात.

माहिती लपवणं हाच पोकरचा गाभा आहे आणि त्याचा गणिती हिशेब जॉन फॉन नॉयमननं मांडला. त्याचा खेळांवरचा निबंध १९२८चा. १९४४मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र चर्चा आहे. थाप मारणं हा स्वभावदोष नसून गणिताची गरज आहे, हे त्यानं दाखवलं. जो कधीच थाप मारत नाही त्याचे भारी पत्तेही कुणी पैसे देऊन बघत नाही.

पत्ते लवकर उघडे केले की काय होतं, याचं उदाहरण मला राजापुरातलंच सुचतं. १६६०मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आदिलशाहीची मर्जी राखायला तोफ घेऊन तिकडे गेला. एवढ्यावर थांबला नाही, मारा करताना इंग्रजांचं निशाणही फडकावलं. शिवाजी महाराज कुणाच्या बाजूला कोण आहे हे लक्षात ठेवणारे होते. १६६१मध्ये राजापुरावर स्वारी झाली, वखार खणून काढली गेली आणि रेव्हिंग्टन मंडळी १६६३पर्यंत कैदेत राहिली.

रात्री साडेनऊच्या सुमाराला माझ्या हातात राजांची जोडी आली. एव्हाना निम्म्याहून जास्त लोक बाहेर गेले होते, बक्षिसांची रांग अजून थोडी लांब होती. मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. डावीकडच्या मुलानं श्वास घेतला आणि त्यानंही सारल्या. त्याच्याकडे एक्का-राणी. ही स्थिती शंभर वेळा आली तर साधारण सत्तर वेळा राजे जिंकतात. पाचवा पत्ता एक्का पडला. त्यानं हात मिळवला, मी उठलो. ‘वेल प्लेड’ असं सुरतचे काका म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले, कारण पुढचे पत्ते वाटून झाले होते.

आता हिशेब. दिवसभरात मी जेमतेम दोनशे डाव पाहिले, शेवटपर्यंत टिकलो असतो तर अडीचशे झाले असते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे अख्ख्या दिवसात एकदा, आणि तीही आली तर. एवढ्याशा दिवसात कौशल्य दिसणार कसं? २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस हा प्रोग्रॅम चार नामांकित खेळाडूंशी वीस दिवस खेळला. नशिबाचा भाग धुऊन काढायला त्यांना १,२०,००० डाव खेळावे लागले, तेव्हा कुठे प्रोग्रॅम खरंच सरस आहे असं छातीठोक म्हणता आलं. माझ्या टेबलाच्या वेगानं तेवढे डाव व्हायला ४८० दिवस लागतील. राजापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आमची गंगा तीन वर्षांनी येते म्हणतात, म्हणजे तीन वर्षांनी येते असं नव्हे. कधी लवकर येते, कधी ताटकळत ठेवते. दोन खेपा बघून वेळापत्रक छापणारा गावात हास्यास्पद ठरेल.

त्याच २०१७ सालच्या उन्हाळ्यात निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी लास व्हेगासला जोडीनं स्पर्धा जिंकून भारताला पहिलं ब्रेसलेट मिळवून दिलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरात हायकोर्टानं पोकर हा जुगार असल्याचा निकाल दिला. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्यात मात्र ब्रिज आणि रमीच्या शेजारी पोकरचं नाव घेऊन त्याला जुगारातून वगळलेलं आहे. आयकर कायद्याला असली कसलीच शंका नाही. लॉटरी, घोड्यांची शर्यत, पत्त्यांचा खेळ, सगळी जिंकलेली रक्कम एकाच कलमात, सरसकट ३० टक्के.

माझं मत असं झालं आहे की सगळ्यांनी मोजपट्टी चुकीची घेतली. पोकर लाख डावांत कौशल्याचा आहे आणि एका रात्रीत नशिबाचा. प्रश्न खेळाचा नाही, माणसाकडे किती रात्री आहेत याचा आहे. पगारातून ठरवून काढलेली प्रवेश फी गेली तर मी पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकतो. आजोबांच्या चुलत्यांकडे बाग एकच होती. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘त्यांनाही पहिल्या वर्षी असंच वाटलं असेल.’

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. १८६७पासून चाललेला वाद ऑनलाइनपुरता तरी मिटला. माझ्या फोनवरचं पोकरचं ॲप उघडतं, शिल्लक परत घ्यायची सूचना दाखवतं आणि थांबतं. मांडवीतल्या जहाजांना तो कायदा लागत नाही. पुढची स्पर्धा गणपतीनंतर आहे.