२५ डॉलरचा चाकू आणि १०० डॉलरचा चाकू: कंपनी एकच, मग फरक कशाचा?

बुशक्राफ्ट किंवा कॅम्पिंगचे रील्स बघत असाल, तर हे दृश्य नक्की पाहिलं असेल. शेकोटीजवळ बसलेला माणूस ओंडक्यावर चाकू टेकवतो, पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकतो आणि ओंडका दुभंगतो. या प्रकाराला 'बॅटनिंग' म्हणतात. खाली कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो: चाकू कोणता घेऊ? उत्तरं दोन टोकांची येतात. 'स्वस्तातला मोरा घे, बाकी सगळी हवा' हे एक. 'स्वस्तातला घेतलास तर एक दिवस हातात नुसती मूठ राहील' हे दुसरं.

खरं तर हे दोघं दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. ते कसं, हे समजून घ्यायला एकाच कंपनीचे दोन चाकू शेजारी ठेवू.

मोरा म्हणजे काय?

मोरा हे स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं गाव. तिथे चाकू बनवण्याची परंपरा जुनी आहे. १८९१ मध्ये फ्रॉस्ट-एरिक एरसन यांनी सुरू केलेला कारखाना आणि नंतरची 'केजे एरिकसन' ही कंपनी २००५ मध्ये एकत्र आल्या. आज तो ब्रँड 'मोराक्निव' या नावाने ओळखला जातो. 'क्निव' म्हणजे स्वीडिश भाषेत चाकू.

त्यांचा 'कम्पॅनियन' हा स्वस्तातला चाकू. अमेरिकेत तो साधारण २० डॉलरला मिळतो. त्याचाच जाड भाऊ 'कम्पॅनियन हेवी ड्युटी' २५-३० डॉलरच्या आसपास. आणि २०१६ मध्ये आलेला 'गार्बर्ग' साधारण ८० ते १०० डॉलरला, म्यान कोणतं घेता त्यावर किंमत ठरते. तिन्ही फिक्स्ड ब्लेड, म्हणजे पातं घडी होत नाही.

जाडी सारखीच आहे!

साध्या स्टेनलेस कम्पॅनियनचं पातं २.५ मिलिमीटर जाड असतं. हेवी ड्युटीचं ३.२ मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एवढ्याशा फरकाने पातं वाकवायला जवळपास दुप्पट जोर लागतो.

आता गंमत बघा. चौपट महाग गार्बर्गची जाडीही ३.२ मिलिमीटरच आहे. लांबीही थोडीशीच जास्त, १०९ मिलिमीटर. कम्पॅनियनची साधारण १०४. धारेचा आकारही सारखाच, ज्याला 'स्कँडी' म्हणतात: दोन्ही बाजूंना एकच रुंद उतार, थेट धारेपर्यंत. तो उतार दगडावर सपाट टेकवून घासला की झालं, म्हणून नवशिक्यालाही धार लावता येते. काठी तासणं, दोरी कापणं, कांदा चिरणं यात दोघांमध्ये फरक जाणवेलच असं नाही.

मग वरचे ७० डॉलर जातात कुठे?

मुठीच्या आत

पात्याचं पोलाद मुठीच्या आत जिथवर जातं, त्या भागाला 'टँग' म्हणतात. दुकानात तो बहुतेकदा दिसत नाही, आणि किंमतीचा सगळ्यात मोठा वाटा तिथेच दडलेला असतो.

कम्पॅनियनमध्ये हा टँग पात्यापेक्षा अरुंद होतो आणि मुठीच्या आत काही अंतरावर संपतो. भोवती प्लास्टिकची मूठ ओतलेली असते. गार्बर्गमध्ये पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जातं, इतकं की मागच्या टोकाला ते बाहेर डोकावतं. यालाच 'फुल टँग'.

बॅटनिंग करताना काय होतं? पात्याचं टोक लाकडाच्या पलीकडे आलेलं असतं, ठोके त्या टोकावर पडतात आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही मूठ खाली दाबून धरलेली असते. मधे लाकूड पात्याला घट्ट पकडून बसलेलं. म्हणजे चाकू हा तरफेसारखा वागतो आणि ताण येतो तो पातं मुठीला मिळतं त्या सांध्यावर. त्यात लाकडाला गाठ असेल, चाकू तिरका झाला असेल किंवा थंडीने लाकूड गोठलेलं असेल, तर प्रत्येक ठोक्याला तो सांधा मार खातो. अरुंद टँग तुटला तर तिथेच तुटतो. नेमक्या त्या क्षणी तुमचा हात पूर्ण जोराने खाली जात असतो. उणे १५ अंशात शेकोटी पेटवायची असताना हे झालं, तर प्रश्न ३० डॉलरचा राहत नाही.

पण फुल टँग म्हणजे न तुटणारा चाकू, असंही नाही. आपल्याकडच्या कोयत्याचं बघा. कित्येक कोयत्यांचा मागचा निमुळता भाग लाकडी मुठीत नुसता ठोकून बसवलेला असतो, तरी ते वर्षानुवर्षं टिकतात. कारण कोयता झटक्याने मारायचा असतो, लाकडात रुतवून मुठीने पिरगाळायचा नसतो. जोर कुठल्या दिशेने येतो, हे महत्त्वाचं.

पोलादाच्या नावांचा बाऊ

कम्पॅनियनच्या स्टेनलेस पात्याचं पोलाद १२सी२७, गार्बर्गचं १४सी२८एन. दोन्ही स्वीडिश, दोन्हींत कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास. दुसऱ्यात थोडा नायट्रोजन असतो, त्यामुळे ते गंजाला जास्त दाद देत नाही. फरक खरा आहे, पण चौपट किंमतीचा नक्कीच नाही. तसंही त्याच पोलादाला उष्णता देऊन कडक कसं केलंय, यावर पात्याचं वागणं ठरतं. ते पाकिटावरच्या आकड्यात दिसत नाही.

गार्बर्गची आणखी एक सोय मात्र मला पैसे वसूल करणारी वाटते. त्याच्या पात्याची पाठ काटकोनात घासून धारदार कडेची केलेली आहे, त्यामुळे फायर स्टीलवर घासून ठिणग्या पाडता येतात. कम्पॅनियनची पाठ या कामी फारशी येत नाही.

याहून महाग घेतला तर?

इथून पुढे जाडी वाढत जाते. स्वीडनच्याच फॉलक्निवेन कंपनीचा 'एफ१' १९९५ पासून तिथल्या हवाई दलाच्या वैमानिकांसाठी वापरात आला. त्याचं पातं ४.५ मिलिमीटर. अमेरिकेतल्या का-बार कंपनीचा 'बेकर बीके२' तर तब्बल ६.३५ मिलिमीटर जाड आणि साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा. तो पाचरीसारखं लाकूड फोडतो आणि टोमॅटोही जवळपास तसाच फोडतो. जाड पातं कापण्यापेक्षा दोन भाग बाजूला ढकलतं, हे रील्समध्ये सहसा दाखवत नाहीत.

काही कंपन्यांत तुम्ही वॉरंटीचेही पैसे भरता. अमेरिकेच्या 'एसी' कंपनीचे बरेच चाकू १०९५ या साध्या कार्बन स्टीलचे आहेत, जे ओलं ठेवलं तर गंजतं. पण चाकू तुटला तर कंपनी कारण न विचारता बदलून देते, तुम्ही पहिले मालक नसलात तरी. तुम्ही भारतात राहत असाल, तर तुटलेला चाकू परत पाठवण्याचा खर्च आधी मोजा.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना कम्पॅनियन हेवी ड्युटी आणि बाको कंपनीची घडीची 'लॅपलँडर' करवत ही जोडी पुरते. दोन्ही मिळून गार्बर्गपेक्षा स्वस्त पडतात आणि करवत हाताशी असली की जाड ओंडके फोडायची वेळ कमी येते. एकच हत्यार घेऊन थंड प्रदेशात काही दिवस काढणार असाल, तर मात्र टँगवर पैसे वाचवू नका.

आणि सह्याद्रीत?

इथे प्रश्नच बदलतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येनुसार चाकूही 'शस्त्र' आहे आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची आगाऊ लेखी परवानगी लागते. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोटा कोयना अभयारण्यात. तिथे झाड तोडायला आणि आग लावायलाही मनाई आहे. म्हणजे ज्या कामासाठी जाड चाकू विकला जातो, ते काम तिथे करताच येत नाही.

अभयारण्याबाहेरही दोन गोष्टी तपासा. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांत समावेश आहे; घरगुती, शेती किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. वर उल्लेख केलेले सगळे चाकू या मापाच्या आत बसतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, आणि तिथे इंचांची सवलत गृहीत धरू नका. ट्रेकला निघण्याआधी त्या जिल्ह्याचा आदेश बघून घ्या. चाकू कमरेला न लावता म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा; विमानाने जाणार असाल तर चेक-इनच्या सामानात.