कीर्द, खतावणी आणि गिऱ्हाइकाचं पान

मराठी मुलखातल्या पेढीवर दोन वह्या असत. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार तारखेनुसार उतरत. मग तेच खतावणीत ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावर चढत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लिखाण बहुधा मोडी लिपीत होई.

गंमत अशी, की किराणा दुकानात खातं उघडे ते उधारीवाल्याचं. रोखीने साखर नेणारा कितीही जुना असला, तरी कागदावर त्याचा मागमूस नसे. तो फक्त दुकानदाराच्या डोक्यात.

मोठ्या दुकानांत तेही डोकं उरलं नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पुड्यावरचा बारकोड सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पहिल्यांदा वाचला गेला. काय विकलं ते यंत्राला कळलं, कुणाला ते नाही. ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९९५मध्ये क्लबकार्ड आणून ती फट बुजवली: खरेदीवर गुण, त्यातून सवलतीची कुपनं आणि बदल्यात नावानिशी यादी. एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या दांपत्याच्या कंपनीने त्या याद्यांतून गिऱ्हाइकांच्या सवयी हुडकल्या. सौद्यात दुकानाचं पारडं जड होतं, हे उघडच आहे.

ऑनलाइन दुकानाला कार्डही लागलं नाही. माल घरी पोचवायचा तर नाव-पत्ता हवाच. ऑनलाइन दुकान थाटायची साधनं म्हणून २००६मध्ये शॉपिफाय, २०११मध्ये वूकॉमर्स आलं आणि छोट्या विक्रेत्यालाही गिऱ्हाइकाचं हे पान मिळालं. ऑर्डरी तारखेनुसार लागतात. ग्राहकाच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या सगळ्या ऑर्डरी एकत्र दिसतात. खातं न उघडता, दर वेळी वेगळा ईमेल देऊन घेणारा मात्र अजूनही विखुरलेलाच राहतो.