तारापूर ते वसई : एका सहलीची पूर्वतयारी

पूर्वी माणूस परगावी जाई तो देवासाठी, जत्रेसाठी, सोयरिकीसाठी, फार तर हवापालटासाठी. चित्रपटाने त्यात आणखी एका कारणाची भर घातली आहे. पडद्यावर पाहिलेली जागा प्रत्यक्ष पाहावी, जेथे नायक उभा होता तेथे आपणही घटकाभर उभे राहावे, म्हणून आज माणसे प्रवासाला निघतात. यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटत नाही. डोळ्यांना जे आवडले त्याच्याजवळ जावेसे वाटणे हा निरोगी मनाचाच धर्म आहे. प्रश्न एवढाच, की तेथे पोहोचल्यावर आपण काय पाहतो?

पालघर जिल्ह्यापुरता हा प्रश्न वसईच्या किल्ल्यासंबंधी विचारावा लागतो. मुंबईपासून जवळ, एका बाजूस खाडी, भोवती ताडमाडांची झाडी, आणि आत छप्पर उडालेल्या देवळांच्या उंच भिंती. चित्रपटवाल्यांना याहून सोयीची जागा कोणती मिळणार? अनेक हिंदी चित्रपटांची गाणी येथे चित्रित झाली. २०१६ च्या प्रारंभी कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गीताचे चित्रण जगभर पाहिले गेले, त्यातही ह्या भिंती आहेत. परंतु पाहणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांना हे वसई आहे, हे कळले असेल? पडद्यावर त्या जागेला नाव नव्हते. एक सुंदर पडीक वास्तू, एवढीच तिची ओळख होती.

बाह्यचित्रणाची ही प्रथा आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला. त्याच्या बाह्यचित्रणासाठी मंडळी कर्जतच्या वाटेवरील वांगणीस गेली होती. ढाल-तलवारी घेतलेली ही माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले, अशी हकीकत सांगतात. तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी गावाने चित्रपटाला हटकले होते. तुम्ही कोण, कोठून आलात, असे विचारले होते. आज गाव चित्रपटाला काही विचारीत नाही, आणि चित्रपटही गावाला त्याचे नाव विचारीत नाही.

अमेरिकेतला एक दाखला येथे उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियात गुरे-घोडे पाळण्याच्या विस्तीर्ण माळांना रँच म्हणतात. पॅरामाउंट कंपनीने १९२७ साली असा एक माळ चित्रणासाठी घेतला. पुढे तेथे लाकडी दर्शनी भिंतींचे एक खोटे गाव उभे राहिले. पेढी, खानावळ, तुरुंग, सारे होते. राहणारा मात्र कोणी नव्हता. नंतर ती जागा सरकारी उद्यान खात्याकडे आली आणि लोक हौसेने पाहावयास जाऊ लागले. २०१८ च्या नोव्हेंबरातील वणव्यात ते गाव बहुतेक जळाले. त्या गावाला चित्रपटाखेरीज दुसरा इतिहास नव्हता, म्हणून चित्रपट आठवीत तेथे हिंडणे योग्यच होते. वसईचे उलट आहे. ते खरे नगर होते. तेथे माणसे जन्मली, वाढली, लढली, पुरली गेली. खऱ्या नगराकडे देखाव्याचे गाव म्हणून पाहणे, हा त्या जागेवरचा अन्याय आहे. सहलीच्या तयारीतच तो थोडा दूर करता येईल, असे आम्हांस वाटते.

आमची पहिली सूचना अशी, की वसईला थेट वसईहून जाऊ नये, बोईसरहून जावे. मराठ्यांची उत्तर कोकणची मोहीम १७३७ साली ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. पण तिच्या अखेरच्या पर्वात, १७३९ च्या प्रारंभी, चिमाजीअप्पांनी आधी उत्तरेकडची ठाणी उचलली आणि मग वसईभोवती फास आवळला. त्या क्रमानेच आपण प्रवास केला तर नकाशा न उलगडता मोहीम समजते. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जात असल्याने हे आता अवघडही राहिलेले नाही. दोन दिवस हाताशी असावेत.

बोईसर स्थानकावरून पश्चिमेस तारापूर. आज हे नाव घेतले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते, नाहीतर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने. गावातला समुद्राकाठचा पोर्तुगीज कोट क्वचितच कोणाला आठवतो. आतल्या भागात वाडी आहे आणि ती खाजगी ताब्यात आहे. तेव्हा आधी विचारून, परवानगी घेऊनच आत जावे. याच कोटापुढे सुरुंगांचे काम चालले असता बाजी भिवराव रेठरेकर हा बाजीरावांच्या जिव्हाळ्याचा सरदार गोळी लागून पडला. त्याच्या मातोश्रींना पेशव्यांकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. विजयाच्या बातमीबरोबर एका आईकडे असेही पत्र जाते, हे येथे उभे राहिले म्हणजे नीट उमगते.

तेथून दक्षिणेस शिरगाव, माहीम, केळवे. पालघर व केळवे रोड ही स्थानके यांना जवळची. सुरूच्या बनामुळे केळव्याचा किनारा सहलीच्या मंडळींनी गजबजलेला असतो. पण त्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर लहान-लहान कोट आहेत. ही साखळी पाहिली म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य एका वसईवर उभे नव्हते, किनाऱ्याच्या प्रत्येक खाडीवर त्यांची नजर होती, हे ध्यानी येते. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी निघण्यापूर्वी राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' चाळावी. पोर्तुगीजांच्याही आधी हा मुलूख निर्जन नव्हता, हे तिच्यावरून समजते.

दुसऱ्या दिवशी विरारहून अर्नाळा. हे बेट असल्याने होडीने जावे लागते. ते मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतले होते. दरवाजावरील मराठी शिलालेखात बाजीरावांचे नाव आहे. आणि मग, शेवटी, वसई.

गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून १७३९ पर्यंत सुमारे दोनशे पाच वर्षे ती त्यांच्याकडे होती. गोव्याच्या खालोखाल हे त्यांचे वैभवाचे शहर. उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठिकाण. आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा पंथांची मंदिरे व मठ होते. १५५६ च्या सुमारास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले. म्हणजे गाण्याच्या चित्रणात जी नुसती कमान दिसते, तिच्याखालून एके काळी जपानपर्यंत पोहोचलेली माणसे गेली होती.

वेढा फेब्रुवारी १७३९ मध्ये बसला. पावसाळ्यापूर्वी किल्ला हाती आला नाही तर सारा खटाटोप वाया जाणार, हे मराठे जाणून होते. खाडीने व दलदलीने वेढलेल्या तटाला एकच बाजू जमिनीची. त्या बाजूस सान सबॅस्टियन आणि रेमेदियूश बुरुजांखाली सुरुंग लावले. काही सुरुंगांनी आपलीच माणसे उडाली. तरी लोक पुन्हा पुन्हा चढून गेले. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजीअप्पांनी त्यांना सन्मानाने, बायकामुलांसह व चीजवस्तूंसह जाऊ दिले, आणि मागे राहणाऱ्यांच्या धर्माला मोकळीक देण्याचे मान्य केले. आमच्या मते वसईच्या विजयातील अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट तट पडला एवढीच नाही. तट पडल्यावर जिंकणाऱ्याने हात आवरला, ही त्याहून मोठी आहे.

म्हणूनच या किल्ल्यात दोन स्मृती शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे चिमाजीअप्पांचे स्मारक, नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे देऊळ, वेशीतला मारुती. दुसरीकडे पडकी ख्रिस्तमंदिरे, त्यांच्या फरशीतील थडग्यांचे लेख. मागे राहिलेल्या ख्रिस्ती समाजाचे वंशज आज वसईच्या वाड्यांतून मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात. ह्या भिंती त्यांच्याही पूर्वजांच्या आहेत. चित्रपटाला या दोहोंपैकी कोणतीच स्मृती नको असते. त्याला फक्त पडझड हवी असते.

पडझड तरी कोणी केली? सारा दोष १७३९ वर टाकण्याची रीत आहे. ती बरोबर नाही. १७८० मध्ये जनरल गॉडर्डने पुन्हा वेढा घालून किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. एकोणिसाव्या शतकात तर किल्ल्याची जमीन खंडाने दिली गेली आणि आत ऊस व साखरेचा उद्योग झाला. युद्धाने जेवढे पाडले, त्याहून अधिक बेपर्वाईने पाडले. नगराला आपले मानणारे कोणी राहिले नाही की त्याचे दगड सुटू लागतात.

चिमाजीअप्पांच्या विजयात मिळालेल्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची एक आहे, वाईजवळच्या मेणवलीस १७०७ सालची एक आहे. मेणवलीचा घाट २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे घरोघर पोहोचला. त्या घाटावर आपले छायाचित्र काढून घेणाऱ्यांनी जवळच्या घंटेवरील आकडा वाचला, तर कृष्णाकाठ आणि वसईची खाडी यांचे नाते त्यांना कळेल. त्यासाठी वेगळे तिकीट पडत नाही. दोन पावले पुढे जावे लागते.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या आहेत. पावसाळ्यात गवत व वेली तट झाकून टाकतात. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. वेढ्याची कल्पना यावी असे वाटणाऱ्याने मात्र मे महिन्यातली एक दुपार सोसावी. बंदर दरवाजा व भुई दरवाजा ही दोन्ही टोके पाहिल्याशिवाय परतू नये. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा कायदा व १९५९ चे नियम चित्रणासाठी परवाना मागतात. भिंतीवर नाव कोरू नये, हे सांगण्याची खरे म्हणजे गरज पडू नये.

चित्रपट पाहून कोणी वसईला निघाला तर त्याला अडवू नये. उलट वाट दाखवावी. फक्त गाडीत बसण्यापूर्वी त्याच्या हाती चार तारखा आणि चार नावे द्यावीत. बोईसर-तारापूरच्या शाळांना व ग्रंथालयांना हे काम सहज करता येईल. वर्षातून एक सहल तारापूरच्या कोटापासून निघून वसईच्या बुरुजाखाली संपावी, आणि तेथे बाजी भिवरावाचे व गोन्सालो गार्सियाचे नाव एकाच दिवशी, एकाच आदराने उच्चारले जावे. एवढे झाले, तर पुढच्या वेळी ह्या भिंती पडद्यावर दिसताच प्रेक्षागृहातून एखादे मूल तरी म्हणेल, की ही आमची वसई आहे.