तळटीप २३ : ‘लाल हापसा’

२३. लाल हापसा : तपासणीत पाणी पिण्यास अयोग्य ठरल्यावर ज्याला खुणेचा लाल रंग फासला आहे असा हातपंप. धुण्याभांड्याला हे पाणी चालते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत कारण बहुधा फ्लोराइडचे असते. खडकातल्या खनिजांतून ते भूजलात उतरते. खोल बोअरचे पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहते, म्हणून तिथे त्याचे प्रमाण उथळ आडापेक्षा अनेकदा अधिक भरते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

‘पाणी तर नितळ आहे’ हे आजीचे म्हणणे अगदी खरे आहे. फ्लोराइडला ना रंग, ना वास; उकळूनही ते जात नाही. त्याचा पत्ता लागतो तो परीक्षानळीत : झिर्कोनियमयुक्त लाल रंगद्रव्य मिसळले की फ्लोराइड जितके जास्त, तितका रंग फिका पडतो. एका नमुन्यावर मात्र निकाल देऊ नये. शेजारच्या दोन बोअरांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

पुढच्या परिच्छेदातली बंडूच्या दातांवरची तपकिरी पट्टी याच पाण्याची. हिरड्यांत दात घडत असतानाच हा डाग बसतो, घासून जात नाही. त्यावरून पोराला ‘दात घासत नाहीस’ म्हणून रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मोठ्यांत वर्षानुवर्षांच्या सेवनाने सांधे आखडतात, पाठ वाकते. ‘तुरटी-चुन्याची टाकी’ म्हणजे पाण्यातले फ्लोराइड काढण्याची, नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत.