निळी व्हँडा : बीजरोपांचे हरितगृहातील संगोपन
(लॅ. व्हँडा सिरुलिया, कुल–ऑर्किडेसी, मणिपुरी–क्वाक्लै). वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारी, निळ्या फुलांची दुर्मिळ अपिवनस्पती. ईशान्य भारत, म्यानमार, उत्तर थायलंड व चीनचा युनान प्रांत येथील डोंगराळ, विरळ वनांत ती आढळते. ‘व्हँडा’ हे प्रजातीचे नाव संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून घेतले आहे. पाकळ्यांवरील गडद रेषांची जाळी व खरा निळा वाटावा असा रंग ही तिची ओळख असून ऑर्किडांमध्ये असा रंग विरळाच.

इतिहास : विल्यम ग्रिफिथ यांना ही वनस्पती १८३७ मध्ये खासी टेकड्यांत सापडली. १८५० मध्ये जोसेफ हूकर यांनी तेथूनच सात हमालांचे ओझे भरेल इतकी झाडे क्यू येथील उद्यानासाठी गोळा केली. पण त्यांतली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली. पुढे व्यापारासाठी सतत झालेली तोड व वनांचा ऱ्हास यांमुळे ती अनेक ठिकाणी दुर्मिळ झाली. बीजापासून रोपे तयार करणे हा जंगलातील झाडाला हात न लावता तिची मागणी भागवण्याचा मार्ग आहे.

बीज व रुजवण : एका बोंडात धुळीसारखी बारीक असंख्य बीजे असतात. त्यांत पुष्क म्हणजे साठवलेले अन्न नसते, त्यामुळे निसर्गात विशिष्ट कवकाची साथ मिळाली तरच ती रुजतात. हे नाते फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. कवकाऐवजी साखर व खनिजे असलेल्या निर्जंतुक अगारवरही ऑर्किडची बीजे रुजतात, हे अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. आजची प्रयोगशाळेतील रुजवण याच पद्धतीवर उभी आहे. बोंड फुटण्यापूर्वी ते बाहेरून निर्जंतुक करून बीजे बाटलीत पेरतात. प्रथम प्रोटोकॉर्म नावाच्या हिरव्या गाठी तयार होतात आणि मग त्यांना पाने व मुळे फुटतात. दाटी झाली की रोपे नव्या माध्यमावर हलवतात.

बाटलीबाहेरील संक्रमण : दोन-तीन सशक्त मुळे आली की रोपे बाहेर काढतात. हा टप्पा सर्वांत नाजूक असतो. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवरचे मेणचट आवरण पातळ असते व त्यांची रंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत रोप लगेच कोमेजते. मुळांना चिकटलेला अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवावा लागतो, कारण त्यातील साखरेवर बुरशी वाढते. धुतलेली रोपे बारीक साल व स्फॅग्नम शेवाळ यांच्या मिश्रणात एकाच कुंडीत जवळजवळ लावतात. पहिले काही आठवडे दाट सावली व भरपूर आर्द्रता देऊन नंतर प्रकाश व वारा हळूहळू वाढवतात. बाटलीतली मुळे पुष्कळदा मरतात. नवी मुळे फुटली की रोप तगले असे समजावे.

वाढ : मोठी रोपे लाकडी पट्ट्यांच्या टांगत्या टोपल्यांत, कोळशाच्या मोजक्या तुकड्यांवर किंवा माध्यमाविना वाढवतात. मुळांवरचा पांढरा, स्पंजासारखा थर पाणी शोषून हिरवा होईपर्यंत सकाळी पाणी देतात. मात्र काही तासांत मुळे पुन्हा कोरडी होणे आवश्यक असते. खत अगदी सौम्य, पण नियमित लागते. या झाडाला एकच उभा शेंडा असतो. त्याच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचल्यास शेंडा कुजतो व वाढ थांबते, म्हणून खेळती हवा हे हरितगृहाचे पहिले काम ठरते. फुलकिडे, खवलेकीड व गोगलगायी यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते. डोंगराळ प्रदेशातली असल्याने या जातीला इतर अनेक व्हँडांपेक्षा थंडावा मानवतो. हिवाळ्यात रात्री गार ठेवून पाणी कमी करतात.

फुलोरा व निवड : फुले येण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. एकाच बोंडातील रोपांत रंग, आकार व जोम यांबाबत फरक असतो. विक्रीसाठी गडद, गोलसर फुलांची रोपे निवडली जातात; पण संवर्धनासाठी सर्व प्रकारची रोपे राखणे व प्रत्येकाच्या मातृवनस्पतींची नोंद ठेवणे महत्त्वाचे असते, अन्यथा जातीतील विविधता बागेतच हरवते.

कायदेशीर स्थिती : ही जाती भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स करारात ती पूर्वी पहिल्या परिशिष्टात होती. २००४ च्या बँकॉक परिषदेतील निर्णयाने ती दुसऱ्या परिशिष्टात आली. दुसऱ्या परिशिष्टातील ऑर्किडांची निर्जंतुक बाटलीतील रोपे करारातून वगळलेली आहेत; जंगलातून आणलेल्या झाडाला ही सवलत नाही.