तीन डोळ्यांचा पाहुणा

माणसाने भंगारवाल्याकडे विकायला जावं, विकत घ्यायला जाऊ नये. हे शहाणपण मला २००७ साली नव्हतं. जुना पितळी बंब देऊन मोकळं व्हावं म्हणून गेलो आणि येताना टेम्पो करून आलो. टेम्पोत एक पेटी. रंगाने म्हशीसारखी, वजनाने तिच्या रेडकाएवढी, आणि पुढच्या अंगाला ओळीने तीन भलेमोठे डोळे. कुठल्याशा सभागृहात ती बरीच वर्षं छताला उलटी टांगलेली होती म्हणे. चार माणसांनी ती जिन्यावरून वर आणली. चौघांनीही खाली जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

"हे काय आणलंत?" आमच्या हिने विचारलं.

"प्रोजेक्टर."

"चालतो का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी पुढची पावणेदोन वर्षं गेली.

आता तुम्ही म्हणाल, प्रोजेक्टरला तीन डोळे कशाला? तर त्याचं असं आहे. जुन्या रंगीत टीव्हीत एकच काचेची ट्यूब असे आणि तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही रंग तिच्यातच एकत्र कुटुंबासारखे नांदत. या पेटीत मात्र तीन भावांची वाटणी झालेली असते. प्रत्येकाची ट्यूब वेगळी, भिंग वेगळं, तोंड वेगळं. एकाने तांबडं चित्र काढायचं, एकाने हिरवं, एकाने निळं, आणि तिघांनी ते समोरच्या पडद्यावर असं एकमेकांवर नेऊन ठेवायचं की बघणाऱ्याला एकच चित्र दिसावं. वाटणी झालेल्या भावांकडून ही अपेक्षा करणारा माणूस नक्कीच परदेशी असणार, असं मला वाटलं होतं. शोध घेतला तर तसंच निघालं.

मूळ पुरुष कार्ल फर्डिनांड ब्राउन. या जर्मन प्राध्यापकाने १८९७ साली स्ट्रासबुर्गला ही ट्यूब केली. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरच्या लेपावर आदळला की तिथे उजेड पडतो, एवढंच तिचं मर्म. ब्राउनला सिनेमा दाखवायचा नव्हता, विजेच्या लहरी डोळ्यांनी बघायच्या होत्या. पुढे १९०९ साली त्याला मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं, तेही बिनतारी संदेशांच्या कामासाठी. ट्यूबचे पांग नंतर दुसऱ्यांनीच फेडले.

पण ट्यूबचा उजेड तो केवढा! भिंतभर पसरला की पाणी घातलेल्या आमटीसारखा होतो. म्हणून झुरिकच्या फ्रिट्झ फिशर या प्राध्यापकाने १९३९ साली निराळीच युक्ती काढली. त्याने आरशावर तेलाचा पातळ थर दिला, त्या तेलावर इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्राच्या सुरकुत्या पाडल्या आणि वरून झगझगीत आर्कलाइट सोडला. या यंत्राचं नाव आयडोफोर. तेलावर चित्र काढण्याची ही कल्पना एखाद्या वैद्याला सुचली असती तर मला नवल वाटलं नसतं, पण ती चालली. फिशर १९४७ सालीच वारला, त्याला यंत्राचं वैभव दिसलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेने अंतराळात माणसं पाठवली तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातले मोठाले पडदे हीच तेलाची यंत्रं उजळत होती. मात्र पोटात निर्वात पोकळी सांभाळायची आणि तेल सांभाळायचं म्हणजे यंत्राच्या उशाशी माणूस हवाच. घरात ठेवायची ती वस्तू नव्हे.

घरात ही वस्तू आणली हेन्री क्लॉस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने. एम.आय.टी.तलं शिक्षण अर्ध्यावर सोडलेला माणूस. हा तपशील मी आमच्या चिरंजीवांपासून लपवून ठेवला होता. क्लॉसने आधी स्पीकर करून नाव मिळवलं, आणि त्या पैशावर अॅडव्हेंट कंपनीतून १९७२-७३ च्या सुमाराला 'व्हिडिओबीम' बाजारात आणला. दिवाणखान्याच्या मध्यभागी एक पेटी आणि समोर सात फुटी वक्र पडदा. त्याच्या ट्यूबांच्या आतच आरसे बसवलेले होते. ती आरशांची विद्या बर्नहार्ड श्मिट या भिंगं घासणाऱ्याची. श्मिटचा उजवा हात लहानपणी दारूगोळ्याच्या खेळात गेला होता. एका हाताने त्याने आकाश बघायच्या दुर्बिणी केल्या आणि त्याच्या पश्चात लोकांनी त्याच युक्तीने घरात टीव्ही मोठा केला. माझे दोन्ही हात शाबूत असून मला पेटीचं झाकण काढायला अर्धा दिवस लागला, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

झाकण निघालं आणि मी अण्णांकडे धाव घेतली. अण्णांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान १९८२ च्या एशियाडपासूनचं, म्हणजे दूरदर्शन रंगीत झालं तेव्हाचं. पेटीत डोकावून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, एक हात खिशात ठेवा."

मला वाटलं पैसे काढायला सांगताहेत. तसं नव्हतं. या ट्यूबांना तीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते आणि मध्ये काळीज लागतं. म्हणून जुन्या मेकॅनिकांचा दंडक, की एक हात खिशात. आणि प्लग काढला म्हणजे सुटलो असंही नाही. ट्यूब आतल्या आत वीज धरून बसते. आमच्या एका आत्याबाई अपमान असाच धरून बसायच्या. महिना उलटल्यावर सहज "काय आत्याबाई?" म्हणून जवळ गेलं की झटका. अण्णांनी तारेने अर्थ जोडलेला स्क्रू-ड्रायव्हर आत नेला, 'फट्' असा आवाज झाला, आणि मग म्हणाले, "आता बोला."

दुखणी काही राजरोगाची नव्हती. ईएचटीच्या आसपासची डाख वर्षानुवर्षांच्या गरमीने तडकली होती. ती वितळवून परत भरली. पॉवर सप्लायमधले कंडेन्सर फुगले होते. पाच-दहा रुपयांची ती वस्तू, पण तिच्यावाचून लाखाचं यंत्र मुकं! खरी गंमत निळ्या ट्यूबमध्ये होती. या ट्यूबा तापतात, म्हणून काचेपुढे ग्लायकॉलचं पाणी कोंडून ठेवलेलं असतं. मूळचं ते निर्मळ. पण वर्षं गेली की त्यात चक्क बुरशी धरते, लोणच्याला धरते तशी. ती निळा उजेड अडवते आणि निळं वजा झालं की पांढऱ्याचं पिवळं होतं. आमच्या पडद्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या भिंतीवर हळदीचे हात उमटल्यासारखं दिसे. ते पाणी काढून, काच पुसून, नवं ग्लायकॉल आणि बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर एकाही बुडबुड्याशिवाय भरायचं, या कामाला एक अख्खा रविवार आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं लागलं. नरसाळ्याबद्दल घरात पुढे जे झालं ते लिहीत नाही.

आणि मग एका संध्याकाळी चित्र दिसलं. एक नव्हे, तीन! तांबडा नायक, त्याच्या मागोमाग हिरवा, आणि दोन पावलांवर निळा. नायिका कोणाला होकार देतेय ते कळेना.

तिघांना एकावर एक आणण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. आधी यंत्र अर्धा तास तापू द्यायचं, कारण गार असताना लावलेल्या रेघा तापल्यावर सरकतात. मग पडद्यावर रेघांची जाळी काढायची आणि हिरव्यापासून सुरुवात करायची. हिरवा मधला, सरळ बघणारा. आजूबाजूचे दोघे तिरके बघतात, म्हणून त्यांचे चौकोन जात्याच वाकडे. हिरव्यावर तांबडी रेघ नेमकी बसली की पिवळी होते, तिच्यावर निळी बसली की पांढरी. मधोमध जुळवलं की कोपरे सुटतात, कोपरे जुळवले की मधलं बिघडतं. दिवाळीच्या केरासाठी हिने पेटीचं तोंड जरा खिडकीकडे फिरवलं, तेवढ्याने सगळं पहिल्यापासून. त्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही हात असतो हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तिलाच सांगा केर काढायला."

एव्हाना जगाने या पेट्या टाकूनच दिल्या होत्या. १९८७ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने बोटाच्या पेरावर मावणाऱ्या असंख्य आरशांची चिप केली. तिचे प्रोजेक्टर काखोटीला मारून नेता येतात आणि त्यांना एकच डोळा. त्यांच्यापुढे आमचा पाहुणा टिकणार कसा? एका गोष्टीत मात्र तो वरचढ. काळं दाखवायचं तर ते उजेड अडवून बसतात आणि करडं दाखवतात. हा झोतच बंद करतो. त्याची अमावास्या खरी अमावास्या असते.

हिला अमावास्येचं कौतुक नव्हतं. "हॉलमधली म्हैस कधी जाणार?" हा प्रश्न दर पंधरवड्याला ठरलेला. मग एका रात्री, मी जाळीशी झटापट करत असताना, ती कपाटातून एक कॅसेट घेऊन आली. तिच्या भावाच्या लग्नाची, १९८६ सालची व्हीएचएस. "ही लागते का बघा," एवढंच म्हणाली.

त्या कॅसेटमध्ये तिचे वडील आहेत. चालते-बोलते असे तेवढेच. लग्नानंतर वर्षभरात ते गेले. तीन तासांच्या कॅसेटमध्ये व्हिडिओवाल्याने जिलब्यांच्या पराती सात वेळा घेतल्या आहेत आणि मुलाच्या बापाला एकदा, अकरा सेकंद. तेही डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात. आणि माझा डावा खालचा कोपरा म्हणजे सगळ्यात सुटलेला कोपरा! पहिल्या दिवशी मामंजी आले ते तीन फेटे बांधून. ही काही बोलली नाही, उठून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या तीन रात्री मी दुसरं काही केलं नाही. मधलं बिघडलं तर बिघडू दे म्हटलं, नवरा-नवरीचे तीन झाले तरी हरकत नाही. अण्णा दुकान बंद करून येत, पडद्याला नाक लावून उभे राहत आणि "तांबडं अजून केसभर वर, साहेब" असं सांगत. त्यांनी पैसे विचारलेच नाहीत, आणि मीही त्या वेळी ते विसरलो.

चौथ्या रात्री दिवा बंद केला. जिलब्या आल्या, गेल्या. मधोमध दोन्ही नवरदेवांच्या कडांना तांबडं लागलेलं. आणि कोपऱ्यातून मामंजी आले. एकच फेटा. कोणाला तरी हाताने "जेवून जा" म्हणत होते. ओठ हलत होते, आवाज मात्र बँडचा.

अकरा सेकंद संपले. ही अंधारातच म्हणाली, "अहो, दादांच्या चष्म्याची काडी बघा, दोऱ्यानेच बांधलीय. मी म्हटलं होतं लग्नाआधी नवी करून घ्या म्हणून."

मग जरा वेळाने म्हणाली, "मागे घ्या."